गुरुवारी पाणी नाही

वारज्यात गुरुवारी पाणी नसतं,
आणि शुक्रवारी जे येतं ते आधी खोकतं,
मग गढूळ थुंकतं,
मग एखादा नळ धरून बसतं.

म्हणून प्रद्युम्न साहू.
केंद्रापाड्याचा. कानामागे पेन्सिल,
सिंकखाली अर्धा माणूस, बाहेर नुसते तळवे.

आतूनच बोलतो,
"काकू, वॉशर गेली. पाईप पण जुनी झाला."
माझी नात खुदकन हसते.
तो म्हणतो, आमच्या ओडियात भांड्याला, नळाला
बाई-पुरुष काही नसतं. इथे चमचासुद्धा पुरुष.
"कोण ठरवतं, काकू?"

मला काय माहीत.
मी निपाणीची. एक्केचाळीस वर्षं झाली.
लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दारातून म्हणाले,
"मंडईत जाऊन येतो."
चुलत सासूबाई म्हणाल्या, "कोण येतो? जावईबापू?"
सगळं स्वयंपाकघर हसलं,
हसण्याच्या नादात दूध उतू गेलं,
ते पुसलं मीच.
त्या दिवसापासून मी येते. जाते. करते.
जीभ घासून घासून इतकी लख्ख केली
की दिवाळीला माहेरी गेले तर आईच म्हणाली,
"या, पुण्याच्या बाई. बसा."

तर खाली बोर्डावर एक कागद आहे.
"कामगार व बाहेरील व्यक्तींनी
लिफ्टचा वापर करू नये. आज्ञेवरून."
अक्षर माझं.
सभेत सगळे म्हणाले, तुमचं मराठी शुद्ध, तुम्हीच लिहा.
मला तेव्हा बरं वाटलं होतं,
खोटं कशाला सांगू.

सहा मजले.
मी मोजणार नव्हते.

"माझी झुनू दुसरीत आहे, कॉर्पोरेशनच्या शाळेत.
ती पण हसते मला.
मी ओडियात विचारतो, ती मराठीत सांगते.
तिची आजी फोनवर म्हणते, पोरीला जरा दे,
आणि मग दोघी गप्प."
हे तो पाईपशी बोलतो की माझ्याशी,
कळत नाही.

मग सरकत बाहेर येतो, कोपराने कपाळ पुसतो,
नळ सोडतो.
खोकला. गढूळ. मग धार.
"काकू, आपली पाणी आली."

ते पाणी. आपलं. आलं.
नात माझ्याकडे बघते,
मी आता दुरुस्त करणार म्हणून.
मी नुसता तांब्या धरते धारेखाली.

पैसे मोजून तो जिन्याकडे वळतो.
"अहो, लिफ्ट आहे."
"नको काकू, खाली लिहिलंय ना,"
आणि थोडा लाजून, थोडा ऐटीत,
"वाचता येतं मला आता."

"थांबा. मी पण खाली येतो."

"आजी, येतो?"
नातीचे डोळे एवढे मोठे.
मी चपला शोधते. एक सापडते.
दुसरी त्याच्या पान्यांच्या पिशवीखाली.