खोक्यातली पावलं

माझ्याकडे माणसं येत नाहीत.
खोकी येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी,
आत गुलाबी फोम, आणि फोममध्ये
कुणीतरी एकदाच उभं राहून
निघून गेलेलं.

वॉटर्लू, आयोवा. मांसाच्या कारखान्यापासून दोन मैलांवरचं तळघर.
वर डॉक्टर होल्टकॅम्प लोकांच्या कंबरा बघतात.
मणक्यापाशी तळवा टेकवून असा एक झटका देतात
की छतातून मला ‘टक्’ ऐकू येतं,
मग सुस्कारा,
मग पुष्कळदा हसू.
मी खाली प्लास्टर कालवतो,
साचे ओततो, बुटात सारायच्या पट्ट्या घासतो.

तेवीस वर्षांत पावलं वाचता यायला लागली.
अंगठा खोल रुतला असेल तर माणूस घाईचा.
कमान पार बसली असेल तर बाई उभ्यानं कमावते.
एक टाच दाबलेली, दुसरी नुसती टेकलेली:
दुखणं कमरेत असतं,
कबुली पायात.

एकदा विचारलं डॉक्टरांना, खरंच उपयोग होतो का?
जेवणाचा डबा मांडीवर, जरा विचार केला त्यांनी.
काहींना होतो, मेरल.
काहींना माझ्या हातानं, काहींना तुझ्या पट्टीनं,
काहींना दोन्ही मिळून जास्त.
आणि काही जण तारीख मिळेपर्यंत
सहा आठवडे नुसती वाट बघतात
आणि तेवढ्यानंच थोडे बरे होतात.
हे वर कुणाला सांगू नकोस.

फेब्रुवारीत एक खोकं आलं. सोबत चिठ्ठी:
फिक्रेता एच. वय अठ्ठावन्न. काम: कापणीची लाइन.
रोज उभं राहणं: दहा तास.
दुखणं किती वर्षांचं, तिथं एक आकडा लिहून खोडलेला,
आणि शेजारी पुन्हा तोच.
सव्वीस.

डावं पाऊल नीट उमटलेलं. उजवं जेमतेम,
परक्याच्या घरी
बूट दाराशी काढून
चाहूल न देता आत यावं, तसं.

तो साचा मी दोनदा ओतला.
पहिल्या वेळी माझीच कंबर धरली, बादली सुटली हातातून.
हो, मलाही आहे. खालचे दोन मणके.
माझ्या बुटात मात्र दुमडलेला पुठ्ठा.
हसू नका.

एप्रिलमध्ये किराणा दुकानात, लोणच्यांच्या रांगेत,
पुढे एक बाई चालत होती,
पांढरे कामाचे बूट, डोक्याला निळा रुमाल,
आणि तिचं उजवं पाऊल
जमिनीवर पुरतं टेकत होतं. पण अजून सवय नसल्यासारखं,
दर वेळी किंचित थबकून.
चेहरा मी कधीच पाहिला नव्हता.
पाय ओळखला.

तिनं पिठाची गोणी उचलली, गुडघ्यात वाकून,
डॉक्टर शिकवतात तशी.
मला म्हणावंसं वाटलं, बाई, तुमच्या खाली मी आहे.
असं कोण म्हणतं?
मी मिरच्यांच्या बरणीला हात घातला
आणि तिथंच अडकलो, अर्धा वाकलेला, फळीला धरून.

तिनंच बरणी काढून दिली.
मग माझ्या बुटांकडे बघितलं, बराच वेळ.
तुम्ही डावीकडे पडता, म्हणाली.
पावतीच्या पाठीवर नंबर लिहिला, आकडे मोठे, सातला आडवी रेघ.
चांगला डॉक्टर आहे. हात गरम असतात.
आणि त्याच्याकडे कुणी एक आहे, तळघरात.
मी पाहिलं नाही त्याला.
पैसे हप्त्यानं घेतात.

तो नंबर दिवसभर माझ्या डोक्यावर वाजत असतो.
मी आभार मानले, पावती घडी करून खिशात घातली.

शुक्रवारी, सगळे गेल्यावर,
एक कोरं खोकं जमिनीवर ठेवलं, मोजे काढले.
फोम दबताना करकरतो, पहाटेच्या बर्फासारखा,
हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
आधी भिंतीला धरून उभा राहिलो.
मग सोडली.

चिठ्ठीवर नाव घातलं, वय घातलं.
वर्षांचा रकाना कोराच ठेवला.
मंगळवारी बघू.