रिकामा रकाना

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी बातमी आली :
ऑक्टोबरनंतर या आवृत्तीची डागडुजी बंद.
चालवायची तर चालवा म्हणे, पण आपल्या जबाबदारीवर.
सावद्याच्या वजनकाट्यामागच्या या खोलीत
बावीस वर्षं मी तक्त्याला तक्ता जोडत बसलोय,
आजवर ते दुसऱ्या कुणाच्या जबाबदारीवर चालत होतं?

झांबऱ्यांची तेजल हसली.
शनिवार-रविवार येते भुसावळहून शिकायला.
तिचा मोबाइल जेवणाच्या डब्याला टेकलेला,
त्यात एक मास्तर दीडपट वेगानं, हिंदीतून,
क्वेरी, जॉइन, इंडेक्स.
मध्येच त्याला थांबवून ती मला विचारते,
"काका, हा म्हणतो ते खरं का?"
बहुतेक खरंच असतं.
फक्त त्याच्या उदाहरणात गिऱ्हाइकं दहा
आणि दहाही जणांची नावं वेगळी.

आमच्याकडे प्रल्हाद तुकाराम पाटील सहा.
त्यातले दोघे एकाच बांधाला.
एका साली एकाच्या केळीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले
आणि वासुदेवअण्णा फिरके रात्री दारात उभे :
"तुह्या कम्प्युटरले माणसं वयखता येत नही का रे भो?"
नाही येत, अण्णा.
त्या रात्रीपासून प्रत्येकाला एक आकडा.
माणूस गेला तरी त्याचा आकडा
पुन्हा कुणाला द्यायचा नाही.
हे कुठल्या पुस्तकात होतं की नाही, ठाऊक नाही.

पुस्तक एकच होतं, जळगावच्या एका क्लासवाल्याचं.
मी त्याची झेरॉक्स आणली, तर
एकशे बारा ते एकशे वीस ही पानं कोरी निघाली.
त्या नऊ पानांत काय होतं?
बाकी सगळं एफ-वनच्या बटणानं शिकवलं,
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
यंत्राचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्याकडे वळवलेला
आणि मी ओल्या पंचासकट बाजूला.
आता एफ-वन दाबलं की ते नेट मागतं.
नेट, म्हणजे वाऱ्यावादळात खांबासोबत जाणारी वस्तू.

मागच्या रविवारी तेजलनं क्वेरी लिहिली :
जिथं वजन रिकामं, तिथं शून्य भर.
चालवण्याआधी विचारलं, हे बरं केलं.
मी तिला काट्यावर नेलं.
हे बघ, शून्य म्हणजे गाडी आली, चढली,
आणि तिच्यात एक घड नव्हता.
रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही.
गाडी रावेरच्या अलीकडे पंक्चर असेल,
काटकर चहाला गेला असेल.
दोन्ही एकच धरलंस तर बेरीज बरोबर येते
आणि सरासरी खोटं बोलते.
ती काही बोलली नाही.
वहीत मात्र काहीतरी लिहून घेतलं.

आज रात्री नव्या आवृत्तीत सगळं हलवलं.
एकसष्ट हजार दोनशे चार ओळी.
पोचल्या एकसष्ट हजार दोनशे तीन.

राहिली ती चारशे सतरा नंबरची,
सहातल्या तिसऱ्या प्रल्हादची.
अठराशे तीस रुपये येणं ठेवून सुरतेला गेला,
न्यायला आला नाही,
आणि गेल्याचंही कुणी सांगत नाही.
नवी आवृत्ती म्हणते, खातं बंद केल्याची तारीख आवश्यक.
"एक जानेवारी एकोणीसशे टाकू का?" तेजल म्हणाली,
"तो मास्तर तसंच टाकतो."
तेव्हा प्रल्हादचा आजासुद्धा रांगत असेल.

मी काही बोललो नाही. कूलरमध्ये पाणी ओतायला उठलो.
परत आलो तर तिनं 'आवश्यक'वरची बरोबरची खूण काढली होती
आणि ओळ आत शिरली होती,
तारखेच्या जागी काहीही न घेता.

डब्याला टेकलेला मास्तर अजून थांबलेलाच,
तोंड अर्धं उघडं,
हात हवेत.