जाड कागद

गुरुवारी रात्री आम्ही तिघं असतो :
मी, थोर्डार्सनबाई आणि व्हॅन.
व्हॅनला मोजावंच लागतं. ती रुसली
की सूप मेन स्ट्रीटपर्यंत पोचत नाही.

विनिपेगमध्ये उणे एकतीस म्हणजे
नाकातला श्वास नाकातच कडक होतो.
पुलाखाली पुठ्ठ्यांचे आडोसे, त्यांवर दंव,
दंवावर शहराचा नारिंगी उजेड.

बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या.
एका हातात बार्लीच्या सुपाची किटली,
दुसऱ्या हातात चर्चची पत्रकं.
आधी सूप, मग पत्रक. उलटं कधीच नाही.
त्यांच्या धर्मातलं मला पटलेलं तेवढंच.

एल्झियर फ्लेट सूप घेतो. पत्रकही घेतो.
प्रार्थनेचं नाव काढलं
की दोन्ही हात वर करतो, पोलिसाने अडवल्यासारखे.
"तुमच्याच शाळेत होतो मी," म्हणाला एकदा.
"सहाव्या वर्षी नेलं. गुडघ्यांवर बसवून बसवून
जे सांगायचं ते सगळं सांगून झालंय तुमच्या देवाला.
आईची भाषा तिथेच राहिली, साबणाच्या वडीखाली."
बाई काही बोलल्या नाहीत.
परतताना व्हॅनचा हीटर घरघरत होता,
तेवढाच आवाज.

मागच्या गुरुवारी त्याचा उजवा बूट भिजलेला.
बाई बर्फावर गुडघे टेकून बसल्या,
मोजा सोलला, सालीसारखा,
आणि बूट उपडा केला.

पत्रकं पडली.
एकावर एक, टाचेच्या आकाराची,
हिवाळाभराचे सगळे गुरुवार.
निळी अक्षरं विरघळून
त्याच्या तळव्याला लागलेली.

मी उगाच टायरकडे बघत राहिलो.

"कागद चांगला आहे तुमचा," एल्झियर म्हणाला,
"गुळगुळीत. वर्तमानपत्रापेक्षा ऊब धरतो."

बाईंनी पाय मांडीवर घेतला.
बराच वेळ नुसता धरून ठेवला.
मग पिशवीतली उरलेली सगळी पत्रकं काढली,
एकेक दुमडून बुटात बसवू लागल्या,
तोंडाने काही पुटपुटत नव्हत्या, मी पाहिलं.
एकदाच थांबल्या :
"अक्षरं वर ठेवू की खाली?"

त्याने विचार केला, खरोखर केला.
"वर ठेवा. बोटांना वाचायचं तर वाचू देत.
मला मात्र सांगायला येऊ नका म्हणावं."

उठताना बाईंचा गुडघा अडला.
एका पायात बूट, दुसरा नुसत्या नव्या मोज्यात,
एल्झियरने काखेत हात घालून त्यांना उभं केलं
आणि सूप गार झालं म्हणून कुरकुरला.

आज सकाळी बाईंचा फोन.
छापखान्याला त्यांनी जाड कागद सांगितलाय,
प्रत्येकी चार सेंट महाग.
समितीच्या अर्जात रकाना आहे : कारण.
तिथे काय लिहू, म्हणून विचारत होत्या.