लंगडा ठेका

प्रयागबाईची सून समुद्रापलीकडची.
मस्कतच्या हॉटेलात उद्धव भांडी घासायचा,
ही चादरींच्या घड्या घालायची,
एवढंच गावाला ठाऊक.
नाव मारिसेल. गावानं तीन दिवसांत मारीबाई केलं.

मे महिन्यात, पत्रे तडतडत असताना
माझ्या दारात आली. म्हणाली, काका, वाजवायला याल?
मराठी तिची तांदूळ निवडावा तशी,
एक एक दाणा, मधेच खडा.

नवस होता.
पनाता म्हणतात तिकडं, मी दोनदा विचारून घेतलं.
तिच्या आईच्या गावी मे महिन्यात
लाकडाच्या क्रुसापुढं नाचतात.
बायांच्या हातात टोप्या, बाप्ये कमरेत वाकलेले,
पाय ओढत, लंगडल्यागत, मोडल्यागत.
आईचं खुब्याचं हाड सांधलं तर नाचीन, बोलली होती.
हाड सांधलं.
विमानाचं तिकीट काही जमलं नाही.

प्रयागबाई आराधीण. चाळीस नवरात्रं पोत नाचवलेली.
तिनं एकच विचारलं,
"अंगात येतंय का हिच्या?"
"नाही आई. मोजून नाचतात. चुकलं की पहिल्यापासून."
म्हातारी जरा हिरमुसलीच.
"मोजून? मग देवाला कळावं कसं?"

मोबाइलवर तिनं तिकडचा ढोल दाखवला.
फणसाचं खोड कोरलेलं, वर घोरपडीचं कातडं.
मी गप.
मग माळ्यावर चढलो, आज्याची दिमडी काढली,
तेच कातडं, खवल्यांच्या खुणा अजून बोटाला लागतात.
हल्ली आम्ही प्लास्टिकवर वाजवतो,
जंगलखात्याचा माणूस जत्रेतच उभा असतो.
तिनं दिमडी नाकाशी नेली, डोळे मिटले.
जुना भंडारा आणि उंदराच्या लेंड्या,
तिला त्यात काय आठवलं, मल्हारी जाणे.

बाभळीच्या दोन फाट्या सुतळीनं बांधून अंगणात रोवल्या.
टोपी मिळेना. उद्धवची क्रिकेटची नको म्हणाली,
सूप घेतलं, सटवाईच्या पूजेतलं, नवंकोरं.
उद्धवला वाकायला सांगितलं.
वाकेना. गल्ली बघत होती.
गुडघ्यावर हात ठेवून उभा,
बंद पडलेली जीप ढकलायला आलेल्या माणसासारखा.

आणि ठेका मला धरता येईना.
दोन सरळ, एक अडखळता, मग एक जागा रिकामी.
त्या रिकाम्या जागेत माझा हात
जागरणाचा ठोका घालून मोकळा व्हायचा.
थांब काका. परत.
थांब काका. परत.
माझ्या हाताला इतकं कुणी बोललं नव्हतं,
बापसुद्धा.

तेवढ्यात प्रयागबाई उठली.
खुरपणीत गेलेली कंबर, कायमची काटकोनात.
तिला वाकायला शिकवावं लागलं नाही.
लेकाच्या हातातल्या बांबूच्या चिपा काढून घेतल्या,
पदर खोचला,
आणि डावा पाय ओढत फिरू लागली सुनेभोवती,
बाप्याच्या जागेवर.

ठेका मला तेव्हा दिसला.
ऐकू नाही आला. दिसला, तिच्या पायात.
दोन सरळ, एक अडखळता, एक उचललाच नाही.
चाळीस वर्षं तो पाय
माझ्या दारावरून हापशाला जात होता.

फोन बाजेला टेकवलेला होता.
पलीकडं मारीबाईची आई. तिला म्हणे नुसते पायच दिसले,
चार पाय, धूळ, मधेच सुपाची कड.
मग रेंज गेली.
बारा कडवी असतात. सातव्याला म्हातारीला धाप लागली.
पाच राहिली, ती पुढच्या मे महिन्याच्या अंगावर.
"तवर जगावं लागंल म्हंजी," प्रयागबाई म्हणाली,
आणि तांब्या मागितला.

बिदागी म्हणून केळीच्या पानात
गुळाचा चिकट भात मिळाला.
बाभळीचा क्रूस प्रयागबाईनं उपटू दिला नाही.
आठ दिवस राहिला अंगणात,
वर चार हिरवी पानं होती,
ती शेळीनं खाल्ली.