धान्यविरहित

दोतोरला दाखवायला नेलं
तेव्हा नोंदवहीत नाव लिहिताना
फुर्ताद मॅडम हसल्या.
नाव बाबांनी ठेवलंय, मी म्हटलं,
पिल्लू असताना हा येणाऱ्याजाणाऱ्याचं मनगट हुंगायचा
नाडी बघितल्यासारखं.

आता स्वतःचाच कान खाजवून खाजवून
मागे टिकलीएवढं लाल झालंय,
पोटावरचे केस गेलेत.
काय घालता? मॅडमनी विचारलं.
शीत आणि बांगड्याचं पाणी.
जे आमचं तेच त्याचं.
कदाचित तांदूळ असेल, त्या म्हणाल्या,
कदाचित बांगडा, कदाचित तिसरंच काही.
आठ आठवडे दोन्ही बंद करून बघू.
तीनदा कदाचित म्हणाल्या
म्हणून माझा विश्वास बसला.

म्हापशाच्या दुकानात आग्नेलने
काउंटरवर डब्यांची चळत रचली.
तीस वर्षं वह्या तपासलेली बाई मी,
आधी मागचं पान बघते.
पुढे बर्फातून धावणारा लांडगा,
मागे मुंगीच्या पायांनी लिहिलेलं:
कोंबडी, चार टक्के.
(उरलेले शहाण्णव कोण?)
दुसऱ्यात तांदूळ नाही, गहू नाही,
पण वाटाणा, मसूर, बटाट्याचं पीठ.
गणपती उठवून तिथे दुसराच कोणी बसवावा तसं.
तिसऱ्यावर 'मांस व तत्सम'.
तत्सम!
हा शब्द मी सातवीला व्याकरणात शिकवत आले,
तो कुत्र्याच्या पोटात जाईल असं वाटलं नव्हतं.

शेवटी एक निवडला.
बदक आणि लाल भोपळा, बाकी ओळी थोड्या,
आणि ज्या होत्या त्या मला समजल्या.
दोनशे चाळीस रुपये.
टीचर, डझन घेतले तर कमी करतो, आग्नेल म्हणाला.
मी तीन घेतले.
आवडला नाही तर डझनाचं मी काय करू,
बदक आमच्याकडे कोण खातं.

नार्व्याला पोचले तर बाबा पायरीवर.
खाजनातलं कोरगुट पेरण्यात आयुष्य गेलेला माणूस,
भरतीला मानशीची दारं लावून
खाऱ्या पाण्याशी भांडलेला.
साखर वाढल्यापासून त्यांना
दुपारी एक वाटी भात, रात्री नाचणीची भाकरी.
डबा हातात घेऊन उलटासुलटा केला.
"ह्यात शीत ना?"
ना. धान्यविरहित आहे.
"विरहित," ते हळूच म्हणाले.
शब्दात विरह आहे
हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

मग एकदम खुलले.
"म्हणजे उपासाचं!
एकादशीला चालेल गे दोतोराक.
बदक तेवढं काढ."

पहिल्या दिवशी दोतोरने डब्यातला तो गोळा
लांबून बघितला,
पाहुण्याकडे बघावं तसा.
मग माझ्या ताटाकडे.
मग बाबांच्या वाटीकडे, जिच्यात
मोजून घातलेलं शीत होतं.
बाबांनी त्याच्याकडे बघितलं.
मी दोघांकडे.
संध्याकाळपर्यंत गोळा संपला.
मुंग्यांनी की त्याने, शपथेवर सांगता येणार नाही.

पाचव्या आठवड्यात कानामागचं सुकलं.
सहाव्यात परत फुललं.
बाबांच्या लुंगीच्या काठाला
एक शीत वाळून चिकटलेलं होतं.
मी काही बोलले नाही, नखाने काढून टाकलं.
दुसऱ्या दिवसापासून मात्र
वाटी संपेपर्यंत त्यांच्यासमोर बसायला लागले,
पर्यवेक्षकासारखी.

रिकामे डबे भंगारवाला न्यायचा.
एक कमी भरला.
तो सापडला विहिरीच्या कठड्याखाली,
बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला,
खाजनातल्या काळ्या चिखलाने भरलेला,
वर टाचणीएवढे हिरवे कोंब, सात की आठ.
कोरगुट.
बाहेर अजून लांडगा धावत होता,
त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत
धान्य नसल्याची हमी.

मी बोलणार इतक्यात दोतोर आला,
हुंगला, एक फेरी घातली,
आणि पाय वर केला.

"करूं दे," बाबा पायरीवरून म्हणाले,
"खारं सोसतं ते."