मीठ मागायला आलेली

आमच्या फियोर्डच्या तोंडाशी एक सुळका आहे,
किंचित वाकलेला, एक हात कमरेवर ठेवल्यासारखा.
ती ट्रोलीण.
डोंगरातून मीठ मागायला उतरली होती.
मीठ मिळालं, वाटी भरली,
मग दारातच बोलत उभी राहिली.
"निघते आता" म्हणता म्हणता उजाडलं,
उन्हाची पहिली तिरीप पाठीला लागली
आणि तोंडातला शब्द तोंडातच दगड झाला.

एवढीच गोष्ट. पण नाटकाला पुरते.

जूनमध्ये ते करता येत नाही.
सूर्य मावळतच नाही, ट्रोलीण बाहेर पडणार कधी?
म्हणून ऑगस्टची अखेर,
रात्र नुकती परतू लागते तेव्हा,
अजून अंग चोरून, उंबरठ्यावर.
बंदराच्या तक्त्यात सूर्योदय चार एक्केचाळीस.
सोल्वीने बजावलं होतं:
दिवा लावायचा नाही. खरं ऊन पडेल, तेव्हाच दगड.

शेपटीला नांगराचा जुना दोर,
केसांना वाळलेलं समुद्रशेवाळ,
नाक कागदाच्या लगद्याचं, दवाने मऊ पडलेलं.
आणि आत गुन्वोर,
अठ्ठावीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडलेली,
चार शब्दांवर पाचवा खर्च न करणारी.
आवाज मात्र पाण्यापलीकडे पोचतो, म्हणून तिला घेतली.

मी पिंपामागे, टॉर्च आणि संहिता घेऊन.
पानं एकतीस.
लोक मासळीच्या खोक्यांवर, घोंगड्यांत, थर्मास फिरवत.
टेकडीवर एलिंग, ट्रम्पेट काखेत धरून गरम ठेवत.

चार अडतीसला धुकं आलं.
आधी सुळका गेला, मग होड्या,
मग पहिली रांग.

गुन्वोरने शेवटचं वाक्य टाकलं:
"आणि अजून एक सांगायचं राहिलंच..."
इथे ऊन.
ऊन नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं. मी पान एकतीसकडे.
त्याखाली फक्त कॉफीच्या कपाचं वर्तुळ होतं.

मग ती बोलू लागली.
मिठापासूनच.
कारखाना चालू होता तेव्हा मीठ फावड्याने ओढायचे,
बोटांच्या चिरांत ते रात्रभर कसं जागं राहायचं.
मग बोटीवरचं:
रात्रीच्या शेवटच्या फेरीने कोण पलीकडे जायचं,
नाव न घेता,
तरी तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं.
शाळा बंद झाली त्या दिवशी
घंटा कुणी घरी नेली, तेही.
लोक हसले, मग हसायचे थांबले.
धुक्यात ती दिसत नव्हती,
नुसता आवाज आणि दोर घासल्याचा आवाज.

"आसबियोर्ग," ती म्हणाली, "माझी बहीण.
सामान एक पेटी.
तिकीट एकेरी.
ते मीच फाडलं.
रांग मोठी होती, मान वर केली नाही.
अर्धं तिच्या हातात दिलं, आणि अर्धं मी..."

पाच सत्तावीस.
धुकं फाटलं.
एलिंगने ट्रम्पेट फुंकला, सुरात नाही,
आणि पिवळं ऊन थेट तिच्या पाठीवर.

गुन्वोर थांबली.
किंचित वाकलेली, हात कमरेवर, तोंड उघडं.
नाक गळून पायाशी पडलं,
तिने उचललं नाही. दगड उचलत नाहीत.
टाळी वाजायला फार वेळ लागला.
तोवर एक लहान मुलगी पुढे जाऊन
तिच्या गुडघ्याला बोट लावून आली
आणि आईला म्हणाली, "अजून गरम आहे."

मंगळवारी दुकानात ती माझ्यापुढे उभी होती,
पाव, बॅटरी, मिठाचा पुडा.
विचारणार होतो मी.
"सुट्टे आहेत?" तिने विचारलं.
होते.

संहितेला मी बत्तिसावं पान जोडलंय,
आठवलं तेवढं, "अर्धं मी" पर्यंत.
सोल्वी म्हणते, पुढच्या वर्षी ऊन बरोबर तिथेच पडायला हवं.
धुक्याचं कसं जमवायचं
ते कुणालाच ठाऊक नाही.