पक्षी पोचला कधी

बार्न्सली. शेफील्ड रोडवरचं दुकान, शटर अर्धं खाली.
मशीन अडून बसलंय: वेळ पुढे सरकत नाही.
चार हजार एकशे सातव्या फ्रेमपाशी
तीच वेळ, पुन्हा तीच, पुन्हा
अकरा चित्रं एकाच क्षणावर हक्क सांगत उभी,
एकाच नंबरचं टोकन घेऊन
दवाखान्यात आल्यासारखी.

कॅसेट एनिड थॅकरे यांची.
लेबलवर निळी शाई: विल्फ, कबुतरं, ऑगस्ट ८८.
खुराड्याच्या छपरावर शर्यतीचं कबूतर उतरलंय,
फ्रान्सहून आलंय, आणि आत येत नाही.
विल्फ दाण्यांचा डबा खुळखुळवतो. वर बघतो.
पायातली रबरी कडी काढून
घड्याळात टाकेपर्यंत
पक्षी पोचला असं धरत नाहीत म्हणे.
छपरावरचा वेळही
उडण्यातच मोजतात.

आधी केबल बदलली. मग कार्ड.
मग जुळी चित्रं गाळायचा हुकूम दिला:
एक राहिलं, दहा गेली.
चित्र सुरळीत झालं आणि आवाज मागे पडला.
विल्फचा हात केव्हाच खाली,
डबा अजून खुळखुळतोय,
मेलेल्या माणसाचा, कुणीच न हलवलेला.

सकाळी फोन केला. म्हटलं, बाई, या एका जागी
टेप फार झिजलीय.
"झिजणारच की," त्या म्हणाल्या,
"तो वर बघतो ना, तिथे मी थांबवते."
पुढे बराच वेळ
किटलीचाच आवाज येत राहिला.

म्हणजे बिघाड नव्हता.
कितीतरी संध्याकाळी बटण दाबून
त्यांनीच तो तुकडा खरवडत आणला होता.
तिथे मशीनला काही दिसेना,
म्हणून ते मागचंच चित्र धरून बसलं,
रस्ता चुकलेलं पोर
शेवटचं ऐकलेलं नाव घोकतं तसं.

मी दहाच्या दहा परत आणली.
एकेकीला तिची वेळ लिहून दिली,
चाळीस-चाळीस मिलिसेकंदांनी पुढची.
चेहरा तोच, वेळ ज्याची त्याची.
मशीन निमूट चालू लागलं.

आता विल्फ वर बघतो
अर्ध्या सेकंदालाही कमी, पण बघतो.
पक्षी आत शिरतो, कडी पडते,
घड्याळ ठक्क करतं,
हात आणि आवाज एकदम.

पेनड्राइव्ह पाकिटात घातला.
कॅसेटही. ती मात्र
सुरुवातीला नेऊन ठेवली नाही.
जिथे थांबायची, तिथेच ठेवली.